एकतीस छेद पन्नास

पिवळा जमत नव्हता.
शाई नवी, कागद सुती, जाड, पुण्याहून मागवलेला,
आणि पूनम कोळेकरच्या चित्रातली हळद
आमच्या मशिनमधून यायची कधी लिंबू, कधी झेंडू,
एकदा तर चक्क स्कूलबस.

दुकान सांगलीत, गणपती पेठेमागच्या बोळात.
पाटी जुनीच : फ्लेक्स, लग्नपत्रिका, रबरी शिक्के.
वाढदिवसाच्या भाऊ-दादांचे गॉगल छापून छापून
मशिनला काळा तेवढा चांगला येतो.

आता आम्ही चित्रं विकतो. म्हणजे प्रती.
मिरजेच्या जुबेरचे तारा न चढवलेले भोपळे,
पलूसच्या एका पोराची रिकामी द्राक्षपेटी,
आणि पूनमचं हे : मार्केट यार्ड, सौदा संपल्यावर,
माणूस एकही नाही, भुईभर नुसता सांडलेला रंग.
प्रत्येकाच्या पन्नास. तीनशे नव्व्याण्णव.
कुणीतरी फोनवर बोट दाबतं
आणि चित्र निघतं इंफाळला.
नळ्या फुकट : तागा संपला की कापडवाले टाकून देतात,
आम्ही उचलतो, घंटागाडीच्या आधी.

अकराव्या प्रुफाला पूनम म्हणाली, बाबांना बोलावते.

दऱ्याप्पा आले ते थेट यार्डातून.
चपला बाहेर, स्वतःही निम्मे बाहेर.
आत या म्हटलं तर म्हणाले, "फरशी पिवळी हुईल."
चित्र पाहिलंच नाही त्यांनी. रंग पाहिला,
पोत्यात बांबू खुपसून काढलेला नमुना पाहावा तसा.
"ही पुडीतली हळद, पोरी.
आपली भुईवरची. धूळ खाल्ल्याली."
आणि हात पुढे केला.
रेघारेघांत, नखांच्या कडेला,
तीस वर्षं कुठल्याच साबणाला न दिलेला.

मी हाताशेजारी कागद धरला,
पूनमने मॅजेंटा दोन टक्के चढवला, काळा अर्धा.
हात हलवू नका, काका.
"पोतं असतंय तवा कुठं हलतोय?"

चौदावं जमलं.

मग त्यांनी विचारलं, ह्यातलं खरं कुठलं?
पूनम म्हणाली, सगळीच.
जरा गप्प राहून म्हणाले,
"पन्नास पोती, माल एकच. तसं."
मी हो म्हटलं. पूनम बोलली नाही,
पेन्सिलीने आकडे घालत होती,
आठ छेद पन्नास, नऊ छेद पन्नास.

पुढच्या आठवड्यात हमालांचा संप.
तीन दिवस ते नळ्या भरायला येऊन बसले.
गुंडाळी सैल पडू द्यायचे नाहीत,
टोपण दाबताना कान लावून ऐकायचे.
यायचे ते हात धुऊन. दोनदा.

एकतीस परत आली, बंगळूरहून.
फोटोसकट तक्रार : डाव्या कोपऱ्यात पिवळा डाग,
नळीला किराणा दुकानाचा वास. एक तारा.
मी पैसे परत केले, माफी मागितली,
वर हात जोडलेलं चित्रही धाडलं.

प्रत उघडली. अंगठा.
पूर्ण उमटलेला, आमच्या शिक्क्यांपेक्षा साफ.
शेजारच्या रंगाशी ताडून पाहिला :
आमचं चौदावं त्याच्यापुढे
अजूनही जरासं लिंबूच.

पूनम म्हणाली, बाबांना सांगू नका.
बराच वेळ बघत राहिली,
पेन्सिल मागितली, खोडरबर मागितलं,
खोडलं काही नाही, लिहिलं काही नाही.

यादीत त्या आकड्यापुढे मी 'शिल्लक नाही' टाकलंय.
खोटं आहे. खालच्या खणात आहे ती,
शिक्क्यांच्या रबरावर, सपाट.

दऱ्याप्पा अधूनमधून डोकावतात. किती गेली?
म्हणते, एकोणपन्नास.
"मग एक कुणी अडवली?"
गिऱ्हाईक ठरलंय, म्हणते. पैसे यायचेत.